झाडाला पाणी पिऊ द्या

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, दुसऱ्या दिवशीच्या सायंकाळच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यासपीठावर उभं राहण्याची मला सवय नाही. मी राज्य शासनाच्या नोकरीतला एक उपयंत्री. सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि तेव्हापासून नाल्या, पुलिया, शाळांच्या खोल्या आणि फाइली यांतच दिवस गेले. मंडळाच्या सचिवांनी आमच्या गच्चीवरची झाडं पाहिली आणि म्हणाले, "यावरच पंधरा मिनिटं बोला." मी म्हटलं, कुंडीला पाणी घालणं यात बोलण्यासारखं काय आहे? ते म्हणाले, "तुम्ही घालत नाही ना, तेच सांगा."

तर विषय असा: कुंडीला पाणी वरून ओतायचं नाही, खालून पिऊ द्यायचं.

सुरुवातीलाच शब्दाचा घोळ सांगून टाकतो. आपण उज्जैनचे मराठी लोक घरात 'कुंडी' म्हणतो आणि बाहेर पडलो की 'गमला'. पुण्याची माझी मावशी एकदा मे महिन्यात आली होती. तिनं आमच्या कामवाल्या बाईंना सांगितलं, "कुंडी में पानी डालो." बाई बिचाऱ्या दाराच्या कडीकडे बघत राहिल्या. हिंदीत कुंडी म्हणजे दाराची कडी! म्हणून आज मी कुंडी म्हणालो की दाराकडे बघू नका.

आता गंमत अशी की माझ्या नोकरीचा बराच भाग पाणी वर चढू नये यासाठी आहे. जमिनीतली ओल भिंतीत चढते हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. फ्रीगंजमधल्या जुन्या घरांत हात-दोन हात उंचीपर्यंत रंग सुटतो, पापुद्रे येतात, पांढरा लोणा फुटतो. ते होऊ नये म्हणून जोत्याच्या पातळीवर आम्ही सुमारे दीड इंच जाडीचा काँक्रीटचा थर देतो, त्यात पाणी न शोषणारं मिश्रण घालतो. आमच्या भाषेत डीपीसी. फरशीखाली मोठ्या दगडांचं सोलिंग करतो, तेही थोडं त्याचसाठी. म्हणजे दिवसभर मी पाणी वर चढू देत नाही, आणि घरी आल्यावर परातीत कुंडी ठेवून ते कधी चढतं याची वाट बघत बसतो.

हे सगळं सुरू झालं माझ्या आईमुळे. तिच्या परवानगीनं सांगतोय. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे.

आमचं घर टावर चौकाच्या मागच्या गल्लीत आहे. गच्चीवर बावीस कुंड्या, सगळ्या आईच्या हातच्या. मोगरा, जास्वंद, गवती चहा, ओवा, दोन गुलाब, कढीलिंब आणि अंगणात तुळस. बाबा गेल्यानंतर ती जास्तच झाडांत रमली. मग दोन-तीन वर्षांत आमच्या लक्षात आलं की झाडं पिवळी पडताहेत. आधी वाटलं कीड असेल. औषध फवारलं. खत घातलं. एक गुलाब गेला, ओवा गेला, मग तुळस खोडापासून काळी पडली. एका रविवारी मी घरी होतो. आईनं सकाळी सातला पाणी घातलं, नऊ वाजता घातलं, साडेअकराला पुन्हा तांब्या घेऊन निघाली. मी म्हटलं, "आई, आत्ताच घातलंस ना?" ती म्हणाली, "नाही रे, आज कुठे घातलं? माती बघ कशी कोरडी आहे."

डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सांगितला. त्याबद्दल जास्त बोलत नाही. या सभागृहातल्या बऱ्याच घरांत ते आहे. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. ती माती कोरडी आहे म्हणाली ते खोटं नव्हतं. वरून माती खरोखरच कोरडी दिसत होती, आणि झाड खाली पाण्यानं कुजत होतं. दुसऱ्या काही कुंड्यांत उलटं होतं. तीन वेळा पाणी घालून आतली मुळं कोरडी ठक्क होती. एकाच गच्चीवर दोन्ही प्रकार! तेव्हा मला वाटलं, दोष आईच्या विसरण्यात तर आहेच, पण पाणी देण्याच्या पद्धतीतही आहे.

कारण आपल्या माळव्याच्या मातीत आहे. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. शेतात भेगा पडतात तशाच कुंडीतही पडतात. मातीचा गोळा कुंडीच्या कडेपासून सुटतो आणि सगळीकडून बोटाच्या पेराएवढी फट तयार होते. वरून तांब्या ओतला की पाणी सोपा रस्ता धरतं. त्या फटीतून सरळ खाली, भोकातून बाहेर, गच्चीच्या उतारानं पन्हाळीत. आपल्याला वाटतं पाणी खाली आलं, म्हणजे झाड भरपूर प्यालं. प्रत्यक्षात मुळांपर्यंत काहीच पोचलेलं नसतं. विकतचं कोकोपीट घालणाऱ्यांनीही लक्षात ठेवा, ते एकदा पार वाळलं की वरून पडलेलं पाणी चटकन धरत नाही, घरंगळून देतं. आणि जिथे कुंडीचं भोकच बुजलेलं असतं, तिथे तेच पाणी खाली साचून मूळ सडवतं.

मग कुठेतरी ऐकलेलं आठवलं, कुंडी पाण्यात ठेवायची. केलं. मोठी परात घेतली, त्यात दीड इंच पाणी घातलं, मोग्याची कुंडी ठेवली. अर्धा तास झाला, तास झाला, रात्र गेली. माती वर कोरडीच. तीन दिवस करून पाहिलं. सौ. म्हणाली, "अहो, परात तरी मोकळी करा, कणीक कशात मळू?"

चौथ्या दिवशी कुंडी उलटी करून माती काढली आणि कपाळावर हात मारला. मीच भरलेली कुंडी होती. निचरा चांगला व्हावा म्हणून तळाला अडीच इंच गिट्टी घातली होती. पुण्याकडे खडी म्हणतात, ती. म्हणजे सरकारी कामात फरशीखाली जे करतो तेच मी कुंडीत केलं होतं. पाणी वर चढू नये अशी पक्की व्यवस्था करून, चढत का नाही म्हणून वाट बघत होतो!

याचं शास्त्र माझ्या अकरावीतल्या मुलानं मला पुन्हा शिकवलं. पाणी बारीक नळीत आपोआप वर चढतं. नळी जितकी बारीक, तितकं जास्त उंच. एक मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत ते सुमारे तीन सेंटिमीटर चढतं. नळी दहापट बारीक केली तर दहापट, म्हणजे सुमारे तीस सेंटिमीटर. जेम्स ज्यूरिन या इंग्रज वैज्ञानिकानं १७१८ साली हा नियम मांडला. आपल्याला मात्र तो समईमुळे माहीत आहे. तेल खाली, ज्योत वर, मध्ये वात. धाग्याधाग्यांतल्या बारीक जागेतून तेल वर येतं. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्या म्हणजे अशाच वाती. पण गिट्टीच्या दोन खड्यांमधली जागा पाच मिलिमीटर असली तर पाणी जेमतेम अर्धा सेंटिमीटर चढेल आणि थांबेल. वातच तुटली, तर ज्योत लागणार कशी?

तेव्हापासून मी तळाला गिट्टी घालणं बंद केलं. भोकावर फुटक्या कुंडीची एक खापरी किंवा नारळाच्या शेंडीचा पिंजलेला पुंजका ठेवतो. माती वाहून जात नाही आणि पाण्याची वाट मोकळी राहते. नुसती काळी माती वापरत नाही. एक भाग काळी माती, एक भाग कुजलेलं पालापाचोळ्याचं किंवा शेणाचं खत आणि एक भाग वाळू किंवा कोकोपीट. यानं माती कडेपासून सुटणं कमी होतं.

आता पद्धत सांगतो. बायका लिहून घेताहेत असं दिसतंय, म्हणून सावकाश सांगतो.

एक तगारी, टब किंवा जुनी परात घ्या. कुंडीच्या उंचीच्या पाव भागाएवढं पाणी त्यात भरा. कुंडी त्यात ठेवा आणि आपल्या कामाला लागा. लहान कुंडीला वीस मिनिटं, मध्यम कुंडीला अर्धा-पाऊण तास. वरच्या मातीचा रंग गडद झाला, बोट लावल्यावर गार लागली, की झाडाचं पोट भरलं. कुंडी उचला, दहा मिनिटं विटांवर निथळू द्या आणि जागेवर ठेवा. पुढच्या वेळी कधी? तर कुंडी उचलून बघा. प्यालेली कुंडी जड लागते, तहानलेली हलकी. आठ दिवसांत हाताला अंदाज येतो. गॅसचं सिलिंडर हलवून आपण ओळखतोच की नाही!

मातीची नवी कुंडी असेल तर झाड लावण्याआधी ती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर झाडाच्या आधी कुंडीच पाणी पिते. शोभेसाठी तिला ऑइलपेंट लावू नका. भिंतीची छिद्रं बुजतात आणि मातीच्या कुंडीचा फायदाच जातो. रंग हवाच तर गेरू लावा.

यात बचत किती? मी माझ्या बादलीनं मोजलं. मे महिन्यात आमच्या कुंड्यांना दिवसाला तीन बादल्या लागायच्या आणि गच्ची ओली व्हायची. आता एका टबातलं पाणी एका कुंडीनंतर दुसरीला, मग तिसरीला. दीड बादलीत सगळं आटोपतं, तेही एक दिवसाआड. गंभीर धरणाची क्षमता २२५० दशलक्ष घनफूट आहे, पण पाऊस ओढ देतो त्या वर्षी उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड येतात, हे आपण सगळ्यांनी सोसलंय. तेव्हा गच्चीवरून वाहून जाणारी दीड बादली डोळ्यांत खुपते.

आता सावधगिरीच्या तीन गोष्टी.

पहिली, डास. कुंडी बशीत ठेवून बशी कायम भरलेली ठेवू नका. डेंग्यू पसरवणारा एडीस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि गरमीत साधारण आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन्महिने जगतात. म्हणून पाणी पाजून झालं की टब ओता आणि आठवड्यातून एकदा कडा घासा. कूलरच्या टाकीलाही हेच लागू.

दुसरी, क्षार. बोरिंगचं पाणी जड असतं. खालून चढलेलं पाणी वरून वाफ होऊन जातं आणि त्यातले क्षार वरच्या मातीत राहतात. भिंतीला फुटतो तोच लोणा कुंडीत फुटतो. म्हणून महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घाला, भोकातून वाहू द्या, क्षार धुवून निघतील. पावसाळ्यात हे काम वरुणराजा करतो. तेव्हा टब पालथा घालून ठेवा.

तिसरी, आठवण. कुंडी टबात ठेवून विसरू नका. दोन-दोन दिवस पाण्यात बसली तर मुळांना हवा मिळत नाही आणि आपण पुन्हा तिथेच येतो, जिथून सुरुवात केली.

आता कोणी विचारेल, मोठ्या कुंड्या उचलायच्या कशा? कढीलिंबाची कुंडी तर चौघांनाही हलत नाही. त्यासाठी उपाय आपल्याच घरात आहे. संक्रांतीची सुगडं! दरवर्षी पाच येतात, पूजा होते, मग वर्षभर माळ्यावर पडून राहतात. त्यातलं एक घ्या, न रंगवलेलं. कुंडीच्या मातीत गळ्यापर्यंत पुरा, पाण्यानं भरा, वर पणती झाका. भिंतीतून पाणी हळूहळू झिरपतं. भोवतीची माती कोरडी असेल तर जास्त ओढते, ओली असेल तर झिरपणं मंदावतं. झाड मागेल तेवढंच मिळतं. ही युक्ती माझी नाही. शेतात मडकी पुरून पाणी देण्याची रीत चीनमधल्या फान शेंग-ची यांच्या शेतीच्या ग्रंथात आहे, आणि तो इसवी सनाच्या आधीच्या शतकातला आहे. आमच्या गच्चीवर मे महिन्यात एक सुगड साधारण दीड दिवस पुरतं.

आणि लग्नकार्याला आठ दिवस बाहेर जायचं असेल तर पुन्हा समई आठवा. बादलीत पाणी भरून कुंड्यांच्या मध्ये उंचावर ठेवा, जुन्या सुती साडीच्या पट्ट्या पिळून ओल्या करा, एक टोक बादलीच्या तळाला, दुसरं कुंडीच्या मातीत दोन इंच खोल. बादलीवर झाकण ठेवा. जाण्याआधी दोन दिवस करून बघा, म्हणजे किती पाणी ओढलं जातं ते कळेल. सुती पट्टी काही महिन्यांत कुजते, ती बदलावी लागते.

इतकं सगळं जमलं. अडलं ते तुळशीपाशी.

आई म्हणाली, "बाकीच्यांना तू काहीही कर. तुळशीला पाणी मी घालणार, आणि वरूनच घालणार. परातीत बसवायला ती काय भांडं आहे?" तिचं बरोबर होतं. साठ वर्षं ती रोज सकाळी तुळशीला पाणी घालते. ती बाकी बरंच विसरली, हे विसरली नाही. ते तिच्याकडून काढून घेणं माझ्यानं होईना. आणि तांब्या तिच्या हातात ठेवला तर नवी तुळसही जाणार.

उत्तर महाकाळाच्या देवळात मिळालं. आपण सगळे बघतो, उन्हाळ्यात वैशाख कृष्ण प्रतिपदेपासून, म्हणजे आपल्या पंचांगानं चैत्र वद्य प्रतिपदेपासून, ज्येष्ठ पौर्णिमेपर्यंत, पिंडीवर अकरा मटक्यांची गलंतिका बांधतात. दिवसभर थेंबथेंब पाणी. घागर उपडी करत नाहीत. मी रांगेत उभा होतो आणि मनात आलं, देवाला पाणी देण्यात किती दिलं हे मोजलं जात नाही, सातत्य मोजलं जातं.

घरी येऊन देवघरातली पंचपात्री आणि पळी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली. तांब्या उचलून आत ठेवला. वृंदावनात मातीची कुंडी बसवली आणि तिच्यात एक सुगड पुरलं. ते मी ऑफिसला जाताना भरतो. आई येते, तीन पळ्या पाणी घालते, हात जोडते. तासाभरानं विसरून पुन्हा येते, पुन्हा तीन पळ्या. दिवसातून सहा वेळा आली तरी पेलाभर पाणी होत नाही. तुळशीचं काही बिघडत नाही, आईचंही नाही. आता तिला कोणी म्हणत नाही, "आत्ताच घातलंस ना?" खरं सांगू, झाडं वाचली त्यापेक्षा हा प्रश्न घरातून गेला, याचं मला जास्त समाधान आहे. तो प्रश्न ऐकला की तिचा चेहरा उतरायचा. आमच्या घरात म्हणच पडली आहे, भक्ती वरून, तहान खालून.

शेवटी समोर बाप्पा बसलेत म्हणून एक विनंती. आता बरीच मंडळी शाडूची मूर्ती आणून घरीच बादलीत विसर्जन करतात. उत्तम गोष्ट आहे. पण ती सगळी माती एकाच कुंडीत, बहुधा तुळशीतच, ओतू नका. शाडू फार बारीक आणि चिकट. वाळला की त्याचा थर होतो. वरून पाणी आत जात नाही आणि हवाही जात नाही. ती माती पुढच्या वर्षीच्या मूर्तीसाठी वाळवून ठेवा. भावना म्हणून कुंडीत घालायचीच तर मूठभर घ्या आणि मातीत नीट मिसळा. प्लास्टरची मूर्ती असेल तर ती कुंडीत अजिबात नको. निर्माल्यातली फुलं-पानं मात्र दोरा आणि प्लास्टिक काढून खताच्या डब्यात जाऊ द्या, पुढच्या उन्हाळ्यात मोगरा दुवा देईल.

पंधरा मिनिटांची वीस झाली, आणि पुढे नाट्यगीतांची मंडळी तंबोरा लावून बसली आहेत. माझं म्हणणं एवढंच. झाडाला पाणी पाजायची घाई आपल्याला असते, झाडाला नसते. पाणी त्याच्या पायाशी ठेवा आणि जरा थांबा. उद्या घरी एकच कुंडी परातीत ठेवून बघा. कणीक मळून झाल्यावर, म्हणजे घरात भांडण नको.

कोणाला सुगड पुरलेलं बघायचं असेल तर टावरवर भुट्ट्याचा कीस खायला याल तेव्हा जरा मागच्या गल्लीत वळा. आई चहा विचारेल. कदाचित दोनदा विचारेल. दोन्ही वेळा हो म्हणा.

गणपती बाप्पा मोरया!